माझ्या पायाचा उजेड

…नाही, फसवा ना, खुशाल फसवा, माझी काही ना नाही! जग फसवतंच. कापडवाला मीटरमागे चार बोटं कापड खातो, भाजीवाला वरची चार चांगली दाखवून खालची नासकी घालतो, मला ठाऊक असतं, मी घरातून निघतानाच भांडायची तयारी करून निघते, पण घरात? जिथं मी चपला काढून शिरते, जिथं मी कुणाशी हिशेबानं वागत नाही, तिथं माझ्याच शिलाई मशीनला, माझ्याच पायाखाली, बटण बसवायचं? आणि सगळ्यांना माहीत! नवऱ्याला माहीत, सासूला माहीत, पोटच्या पोरीला माहीत, वरच्या मजल्यावरच्या बाईला माहीत… एक मी सोडून! अहो, एका शब्दानं सांगायचं होतं!

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. फिरलंयच, पण का फिरलंय ते ऐका.

मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, अभ्रे, कुणाचं उसवलेलं, कुणाचं घट्ट झालेलं. पायाचं मशीन आहे माझं, लोखंडी पायांचं, जुनं, पण त्याच्या टाक्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. शिक्षण माझं चौथी. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते जाऊ दे, पण प्रश्न काही माझे चौथीत थांबले नाहीत. ते येतच राहिले. भांडी घासताना येतात, कपडे वाळत घालताना येतात. आता तुम्हीच सांगा, फ्रिज आतून गार असतो, मग पाठीमागून गरम का लागतो? आणि लागतो तर लागतो, ती गरमी फुकट भिंतीला कशाला द्यायची? भिंतीला काय थंडी वाजते? तिथं एखादी पाण्याची टाकी का नाही बसवत? बरं, नळाखाली कळशी लावली की आवाज आधी जाड येतो, मग बारीक बारीक होत जातो. मी पाठ करून उभी असले तरी मला कळतं की आता भरली. मग गच्चीवरच्या टाकीला असं काही का करू नये, की भरली की तिनं आपणहून ओरडावं? खालच्या बाईच्या वाळवणावर पाणी सांडून ती ओरडण्यापेक्षा टाकी ओरडलेली काय वाईट?

हे सगळं मी विचारायची कुणाला? आमच्या ह्यांना. कारण हे वायरमन. घरात विजेचा माणूस असताना मी काय दूधवाल्याला विचारू? आणि ह्यांचं उत्तर ठरलेलं. ताटातून मान वर करायची नाही, घास चावत चावत…

“तसंच असतं गं ते.”

तसंच असतं! काहीही विचारा! बंद केलेला पंखा थांबता थांबता उलटा फिरल्यासारखा का दिसतो? “तसंच असतं ते.” मिक्सर गरम होतो, मग तो वाटायचं काम करतो की तापायचं? “तसंच असतं गं ते.” मी म्हणते, अहो, नुसतं तसंच असतं म्हणायला वायरमन कशाला व्हायला लागतं, तेवढं मलाही येतं चौथीवर!

तर एकदा काय झालं, संध्याकाळी वीज गेली. आमच्याकडे वीज जाते ती शिवण अगदी रंगात आली की जाते, जणू कुणीतरी वरून बघत असतं, हिचा आता बाहीचा गोल आलाय, घाला अंधार! मी हात मशीनवर ठेवून अंधारात बसले. पाय मात्र सवयीनं हलतच होता. खालचं मोठं चाक आपलं फिरतंय गरगर. आणि माझ्या मनात आलं, अगं, हे चाक एवढं फिरतंय. लहानपणी भावाच्या सायकलला डायनॅमो होता, छोटी बाटली असते बघा, चाकाला घासायची आणि पुढचा दिवा लागायचा. तेही चाक, हेही चाक. तिथंही पाय, इथंही पाय. मग माझ्या मशीनला दिवा का नाही?

हसताय? हे पण हसले. पोट धरून हसले. “अगं, मशीन घेऊन कुठं निघालीस, घाटातून?” असं म्हणाले आणि परत हसले.

मी काही बोलले नाही. म्हणजे अजिबातच बोलले नाही. भाजी वाढायची, पाणी ठेवायचं, तोंड बंद. माझं बोलणं ज्यांनी रोज ऐकलंय त्यांना माझं न बोलणं सोसत नाही, हा अनुभव आहे माझा. शेवटी एक दिवस हे भंगारवाल्याकडून डायनॅमो घेऊन आले, पट्टी कापली, स्क्रू मारले, मशीनच्या खालच्या चाकाला तो बसवला, वर एक छोटा दिवा लावला. मी बसले. पाय मारला… पाय उचलेना! चाक असं जड, जणू खालून कुणी धरून ठेवलंय. टाके सुटायला लागले. दिव्याकडे लक्ष कुणाचं, मी टाक्यांकडे बघतेय.

“तेल कमी पडलंय,” हे म्हणाले. “उद्या बघतो. ऊठ तू.”

दुसऱ्या दिवशी मी शिवलेले पडदे पोचवायला गेले होते. परत आले तर हे म्हणतात, बस. बसले. पाय लावला तर काय सांगू, लोण्यातून जावा तसा! हलका, पहिल्यासारखा. आणि दिवा लागला! आधी लुकलुक, लुकलुक, आणि मी जोर वाढवला तसा एकसारखा, पांढरा, छान. सुईचं टोक दिसतंय, दोरा दिसतोय, कापडाची वीण दिसतेय…

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. आता हसलात तर बघा! अहो, आयुष्यभर प्रश्न विचारत आले, आणि पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं. “तसंच असतं” नाही, खरोखरचं, लागणारं उत्तर. मला वाटलं, म्हणजे आपण वेड्या नाही. आपल्या डोक्यात येतं ते होऊ शकतं.

आणि ह्या माणसानं माझं तोंड बघितलं त्या वेळी. समोरच उभे होते, हातात पकड घेऊन. तेव्हा सांगायचं ना? एका शब्दानं सांगायचं होतं!

तर मशीनच्या पायामधून एक जाड काळी वायर निघून भिंतीच्या कडेनं आत गेलेली. मी विचारलं, ही काय? हे म्हणतात, “ती अर्थिंगची वायर. हात लावायचा नाही. झटका बसेल.” विजेच्या माणसानं झटका बसेल म्हटल्यावर कोण हात लावेल? मी विचारलं, अर्थिंग म्हणजे काय? तर म्हणाले, “जमिनीशी जोडलेलं असतं.” बरं, म्हटलं. पुढं माझ्या लक्षात आलं की पाय थांबवला, पण टाच खाली टेकवून ठेवली, तर दिवा जात नाही, चालूच राहतो. मी विचारलं. मी सोडते होय? तर ह्यांनी पापणी न लववता सांगितलं, “थोडी वीज साठते गं. पंखा नाही का बंद केल्यावर फिरत राहतो?” आणि मला इतका आनंद झाला! कारण हे पहिलं उत्तर, ज्यात “तसंच असतं” नव्हतं! नवरा सुधारला असं वाटलं मला. खोटं बोलायला लागला होता, मला वाटलं शिकवायला लागला!

मग काय, वीज गेली की सगळी गल्ली अंधारात आणि माझ्या खिडकीत उजेड. बायका यायच्या बघायला. मी पाय मारायची, दिवा लागायचा. मी नळावर सांगायची, जिन्यात सांगायची, गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगायची, ‘हात वर करा, आणि हो, आमच्या मशीनवर दिवा लागतो बरं, वीज लागत नाही, हात खाली करा.’ आमची वरच्या मजल्यावरची तर माझं ऐकताना पदराचं टोक तोंडात धरायची. मला वाटायचं कौतुकानं धरते.

आणि सासूबाई. त्यांची खाट भिंतीला लागून. त्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक. अलीकडे मला खाटेखाली झाडू घालू देईनात. “तिथलं मी झाडते,” म्हणायच्या. आता बघा, गुडघे दुखतात म्हणून ज्या बाईनं कधी स्वतःची कपबशी उचलली नाही, ती खाटेखाली वाकून झाडते म्हणते, आणि मला शंका यायला नको? नाही आली! मी वस्तूंवर संशय घेते हो, माणसांवर घ्यायचं सुचत नाही मला. तिथंच तर चुकतं.

मग आली ती शाळेची भानगड. मुलगी आमची नववीत. तिच्या शाळेत प्रदर्शन भरणार होतं, पालकांनी घरी केलेल्या युक्त्यांचं. मुलीच्या वर्गबाई आपल्या लेकीच्या गणवेशाला काजं करून घ्यायला आल्या होत्या, त्यांनी दिवा बघितला, आणि म्हणाल्या, “अहो ताई, हे तर तुम्ही आणलंच पाहिजे! मोठ्या कारखान्यातल्या इंजिनिअर मॅडम येणार आहेत परीक्षक म्हणून.”

आणलंच पाहिजे म्हणाल्या! मी? चौथीवाली? इंजिनिअर मॅडमपुढं? मी त्या दिवसापासून झोपेतही पाय मारत होते.

हे कामाला बाहेरगावी गेलेले, एका नव्या इमारतीचं वायरिंग होतं, प्रदर्शनाच्या दिवशी संध्याकाळी परत येणार. मी म्हटलं बरंच झालं, चकित करू. सकाळी हातगाडीवाला बोलावला. तशी मुलगी माझ्यामागे लागली.

“आई, नको ना जाऊस.”

“का गं? आईची लाज वाटते?”

“तसं नाही गं… आई, तू आजारी पड ना.”

“अगं, मी कशाला आजारी पडू? ठणठणीत आहे मी!”

मग तिच्याच पोटात दुखायला लागलं. तिचं दुखतंय म्हटल्यावर सासूबाईंनी छातीला हात लावला. “सूनबाई, माझ्या इथं कशी कळ येतेय बघ गं. आज तू घरातून हलू नकोस.” मी म्हटलं, कळ येतेय? चला, मग डॉक्टरकडे, शाळा वाटेतच आहे, मशीन उतरवू आणि पुढं जाऊ. तर कळ गेली! लगेच! म्हणाल्या, “आता बरं वाटतंय, पण मशीन हलवलं की त्याचं तेल सांडतं, बरं का.”

त्या तिथंच उभ्या होत्या. दोघी. तोंडं उघडी होती. एका शब्दानं सांगायचं होतं! छातीत कळ काढता येते, एक शब्द काढता येत नाही?

बरं, ती काळी वायर. मध्ये एक जोड होता, तो मी लाकडी पट्टीनं ढकलून सोडवला, झटका बसू नये म्हणून. भिंतीकडचा भाग घरीच राहिला. म्हटलं, जमिनीशीच तर जोडायचंय, शाळेत काय जमीन नसेल?

तर शाळेचं सभागृह. खचाखच. एका मुलाच्या वडिलांनी टेबलफॅनला पाळणा बांधला होता, आपोआप झुलणारा. एका काकूंनी डब्यात घड्याळ बसवलं होतं. आणि मधोमध माझं मशीन. मी म्हटलं, मला जरा अर्थिंग हवंय. शाळेचा शिपाई म्हणाला, “काय हवंय?” मी म्हटलं, अर्थिंग, जमीन, माती! तो माझ्याकडे बघतोय. शेवटी मीच कोपऱ्यातली झाडाची कुंडी ओढत आणली आणि त्या वायरीतल्या दोन्ही तारांची टोकं मातीत खुपसली. बसले. आणि मग मला वाटलं, माती कोरडी आहे. म्हणून टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून कुंडीत ओतला. इंजिनिअर मॅडम बघत होत्या, चष्मा नाकावर, काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, दबल्या.

मी पाय मारला.

काही नाही.

जोरात मारला. काही नाही. वर्गबाई म्हणतात, “ताई, जोरात, जोरात!” मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी असा पाय मारतेय, असा मारतेय की सुईखाली ठेवलेला रुमाल शिवून संपला, तो वळवला, परत शिवला, सगळा टाक्यांचाच झाला, घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून रुमालावर, आणि दिवा? डोळा मिटून बसलेला! मी म्हटलं, पाणी कमी पडतंय, अजून पाणी आणा! शिपाई धावला! कुंडीतून पाणी वाहायला लागलं, सभागृहात ओघळ, पाळण्याच्या खाली तळं…

तेव्हा मॅडम वाकल्या. खिशातून कागदाचा कपटा काढला आणि तो चाक आणि डायनॅमोच्या मधून सरकवला. इकडून घातला, तिकडून काढला. अलगद. आरपार.

“हा चाकाला लागतच नाहीये,” म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या, पण सभागृहात असं हळू बोललेलं जास्त ऐकू जातं बघा. मग बोट पायडलखाली नेलं. “आणि इथं बटण आहे. दाराच्या घंटीला असतं तसं. तुम्ही पाय दाबला की दिवा लागतो. याची बॅटरी कुठंतरी वेगळी असणार. ताई, कल्पना चांगली आहे, पण मुलांसमोर अशी फसवणूक करू नये.”

फसवणूक! मी! ज्या बाईनं उरलेलं चिंधीभर कापडसुद्धा गिऱ्हाइकाला पुडीत बांधून दिलंय, तिला फसवणूक! मी उभी राहिले. म्हटलं, ओ मॅडम, तोंड सांभाळा, हे मशीन खोटं निघालं तर मी उद्यापासून सुई हातात धरणार नाही! आणि खाली वाकून बघितलं…

बटण.

पांढरं. गोल. आमच्याच घरच्या दारावरचं, जे बिघडलं म्हणून ह्यांनी काढलं होतं, ते! त्याच्या कडेला मीच एकदा लावलेला रंगाचा डाग होता.

मशीन हातगाडीवर कसं चढवलं मला आठवत नाही. घरी आले. मुलगी पोटावर पालथी झोपलेली, दुखणं आठवून. मी सरळ भिंतीशी गेले. भिंतीकडची वायर हातात धरली, झटका बसला तर बसला म्हटलं, आणि धरत धरत गेले. भिंतीनं, कोपऱ्यानं, दाराच्या चौकटीखालून… खाटेपर्यंत. खाटेवर सासूबाई. मांडी घालून. गुडघे दुखणारी बाई, मांडी घालून!

“उठा.”

“अगं, माझे गुडघे…”

“सासूबाई, उठा.”

उठल्या. ट्रंक ओढली. आत जुन्या चादरीत गुंडाळलेली स्कूटरची बॅटरी! बाळंतिणीच्या बाळासारखी गुंडाळलेली! “गारठू नये म्हणून,” सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात मुलगी उठून रडायला लागली, “आई, मी सांगणार होते, बाबांनी शपथ घातली होती.” आणि सगळं बाहेर पडलं. मी कापड आणायला बाहेर पडले की सासूबाई वर हाक मारायच्या, वरची बाई येऊन बॅटरी घेऊन जायची, तिच्या घरी ती रात्रभर चार्ज व्हायची, आणि सकाळी मी पाणी भरायला गेले की परत ट्रंकेत. म्हणजे मी ज्या नळावर उभी राहून सांगत होते की ‘वीज लागत नाही बरं का’, त्याच वेळी माझी वीज जिन्यातून, दोन हातांवर, खाली येत होती! आणि पदर तोंडात! अहो, रोज नळावर भेटत होतो, एका शब्दानं सांगायचं होतं!

संध्याकाळी हे आले. दारातच थांबले. माझ्यासमोर बॅटरी, बॅटरीशेजारी मी उचकटलेलं बटण. ह्यांनी पिशवी खाली ठेवली.

“कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही! तेच तर दुखणं आहे!”

मग बसले समोर. म्हणाले, “तू बोलत नव्हतीस गं. घर खायला उठायचं. पहिल्या दिवशी खराच बसवला होता डायनॅमो, पण चाक जड झालं, टाके सुटले. म्हटलं, आता हिला काय सांगू? म्हणून दुसऱ्या दिवशी बटण लावलं, म्हटलं एक दिवस हसेल, मग सांगू. आणि दिवा लागल्यावर तुझं तोंड बघितलं. मग कुठल्या तोंडानं सांगणार?”

“ज्यानं जेवता, त्या!” मी म्हटलं. “आणि जड का झालं?”

“काय?”

“चाक. जड का झालं? तेल कमी होतं?”

“नाही गं. दिवा लावायचा म्हणजे त्याला जोर लागतो. तो जोर चाकातून जातो, चाकात तुझ्या पायातून येतो. फुकट नसतो तो.”

मी म्हटलं, दाखवा.

ह्यांनी पाना काढला. डायनॅमो सरकवून चाकाला भिडवला. दिव्याची वायर सोडून ठेवली. “मार पाय.” मारला. थोडं घासल्यासारखं, पण पाय चालतोय. मग ह्यांनी माझा पाय चालू असतानाच वायर जोडली, आणि… अहो, पाय जड झाला! त्याच क्षणी! सोडली, हलका. जोडली, जड. मी म्हटलं परत करा. सोडली, जोडली, सोडली, जोडली. म्हणजे चाकाला कळत होतं हो! तो एवढासा दिवा माझ्या पिंढरीतून ओढून घेत होता, विहिरीतून पोहऱ्यानं पाणी शेंदावं तसा. मी सकाळी जे जेवले ते पायात, पायातून चाकात, चाकातून त्या तारेत… उजेडाला वजन असतं! आणि ते मला माझ्या पायात लागत होतं!

मी पाय थांबवला. आणि मग मला खरा राग आला. बटणाचा नाही. मी म्हटलं, “एवढी मोठी गोष्ट तुम्हाला माहीत होती? इतकी वर्षं? पहिल्याच दिवशी माझ्या पायाला ती लागली होती, आणि तुम्ही मला सांगितलंत की तेल कमी पडलंय? मला दिवा कधी हवा होता? मी विचारलं होतं, का नाही होत! ‘जड होतं म्हणून’, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही माझ्याकडून उत्तर काढून घेतलंत आणि हातात खुळखुळा दिलात!”

हे पाना पुसत बसले. मान खाली. एरवी “तसंच असतं” तरी म्हणतात.

मी सोडलं नाही. म्हटलं, त्या मॅडमनी मला सगळ्या शाळेदेखत खोटारडी म्हटलंय. उद्या जायचं, आणि सांगायचं, बायकोनं नाही, मी फसवलं. गेले. खरंच गेले, त्या बाबतीत माणूस सरळ आहे. शिक्षकांच्या खोलीत उभे राहून सगळं सांगितलं, बटण, बॅटरी, ट्रंक, माझा अबोला, माझं तोंड, सगळं. मॅडमना फोन लावून त्यांनाही सांगितलं. मी बाहेर ओसरीत उभी होते, ऐकत. आता कुणीतरी म्हणेल, अरेरे, बिचारीवर अन्याय झाला. आणि वर्गबाईंचा आवाज आला…

“अय्या! किती प्रेम हो तुमचं बायकोवर!”

प्रेम!! मला खोटारडी ठरवलं, कुंडीत पाणी ओतायला लावलं, आणि प्रेम! तेव्हापासून गल्लीत ह्यांचीच वाहवा चाललीय. नळावर बायका म्हणतात, नाहीतर आमचा नवरा, साधा बल्ब बदलत नाही. वरची म्हणते, “नशीब काढलंस गं.” सासूबाई म्हणतात, “लहानपणापासून असाच मायाळू.” मुलीनं तर शाळेत निबंध लिहिला, ‘माझे बाबा’. बाबा! आणि ज्या बाईच्या डोक्यातून निघालं सगळं ती कुठं आहे त्यात? आहे, शेवटच्या ओळीत, ‘आई खूप चिडली’.

बरं, ते जाऊ दे. पण मी एक ठरवलं. ती बॅटरी ज्या स्कूटरवाल्याकडून ह्यांनी आणली होती, त्याला दिली परत. बटण फेकलं. आणि डायनॅमो, खरा, चाकाला घासणारा, तो तसाच ठेवायला लावला. ह्यांनी खूप विनवलं, “अगं, गुडघे जातील तुझे, बॅटरी लावून देतो साधी, सरळ, सगळ्यांना सांगून.” मी म्हटलं, नाही. आता ह्या घरात जे लागेल ते खरं लागेल.

तर तुम्हाला सांगते, लागतो. वीज गेली की मी बसते, आणि लागतो. पाय दुखतो, टाके मोठे पडतात, गिऱ्हाईक कुरकुरतं. जोर लावला की पिवळा होतो, दमले की लाल होतो. आणि सुईत दोरा ओवायचा तर गंमत अशी आहे, की पाय चालू ठेवला तर उजेड असतो पण सुई नाचत असते, आणि पाय थांबवला तर सुई थांबते पण उजेड जातो. काल मी विचारलं ह्यांना, अहो, असं का? ह्यांनी ताटातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, घास गिळला, आणि अगदी नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं समजावून सांगितलं. मला अर्धं कळलं. पण सांगितलं तरी.

तर असा आहे माझा दिवा. माझ्या डोक्यातून आलेला, माझ्या पायानं लागणारा, कुणाच्या ट्रंकेतून न आलेला. सोळा आणे खरा. फक्त त्याच्या उजेडात काही दिसत नाही.